आप्पांचा तारा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे घरात न कळणारं काही घडलं की सगळे माझ्याकडे बघत. तलाठ्याचा कागद आला, रेडिओ खरखरला, शेळीच्या डोळ्यात फूल पडलं, तरी "त्याला इचारा की, त्यो कालेजात हाय." मला त्यातलं फारसं काही माहीत नसे. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. वर्गात इंग्रजीतून चाललेलं निम्मंअधिक डोक्यावरून जात होतं, आणि हे घरी कधी सांगायचं धाडस झालं नव्हतं. एवढं आधी सांगून ठेवतो. त्या रात्रीही सगळे माझ्याकडेच बघत होते.

आमची वस्ती वळसंगच्या पुढे, सडकेपासून बरीच आत. एका अंगणाला दोन घरं. एक आमच्या थोरल्या चुलत्यांचं. त्यांना आम्ही तात्या म्हणतो आणि चुलतीला मोठी आई. दुसरं आमचं. त्यात आप्पा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण. घरं दोन असली तरी ज्वारी एकाच कणगीत होती, आणि आप्पा तात्यांना विचारल्याशिवाय बैल विकत नव्हते.

थंडीचे दिवस होते. ज्वारी निसवून भरत आली होती. गोठ्यातला एक गंजका खिळा आप्पांच्या पायात घुसला. आईनं हळद दाबून चिंधी बांधली आणि कामाच्या गडबडीत ते सगळेच विसरले. आठवड्यानं आप्पांना भाकरी चावेना. दाढ धरली असेल म्हणून त्यांनी लवंग ठेवली. दुसऱ्या दिवशी जबडा उघडेना, आणि तिसऱ्या दिवशी पाठ धनुष्यासारखी वर उचलली गेली. तात्यांनी त्यांना गाडीत घालून सडकेवर आणलं आणि सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

धनुर्वात. हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. दवाखान्यात त्या रोग्यांसाठी एक वेगळी खोली होती. खिडकीला काळं घोंगडं लावलेलं, दिवा नाही, आत बोलायचं नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उजेड नको, आवाज नको. दार आपटलं तरी झटका येईल. मोठा झटका आला तर माणूस त्यातच जातो." माझे मामा, म्हणजे आईचे भाऊ, दाराबाहेर घोंगडी टाकून बसले. चपला काढूनच चालायचं, भांडं जमिनीवर ठेवताना खाली फडकं घालायचं, हे त्यांनी एका दिवसात शिकून घेतलं. मी कॉलेज सोडून त्यांच्याबरोबर होतो. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "ज्यांना बघायचंय त्यांनी दारातून बघून घ्या."

मी दुपारच्या एसटीनं गावी गेलो. सकाळी आईला घेऊन यायचं असं ठरलं. डॉक्टर जे म्हणाले ते सगळं मी घरी सांगितलं, उजेडाचं आणि आवाजाचंसुद्धा. आईनं दाराशी गेल्यावर ठेच लागून काही पाडू नये, म्हणून मी ते दोन-दोनदा सांगितलं.

संध्याकाळची जेवणं लवकर झाली. जेवणं म्हणजे काय, तात्यांनी आणि मी चतकोर खाल्ली. आई अंगणात कंदिलापाशी आप्पांचे कपडे बांधत होती.

"नवं धोतर घिऊ का जुनं?" तिनं विचारलं.

"जुनंच घे," मोठी आई म्हणाली. "नवं कशाला आत्ता?"

नवं कापड मढ्याला लागतं. नव्या धोतराचा अर्थ सगळ्यांना कळला. आईनं नवं धोतर परत ट्रंकेत ठेवलं.

मी ओट्यावर बसलो होतो. आधी वाटलं, मागून कुणीतरी मोठी बॅटरी मारली. समोरच्या भिंतीवर माझीच सावली पडली, काळीभोर, आणि ती भिंतीवरून सरकायला लागली. मी मागे वळलो. अक्कलकोटच्या अंगानं आभाळातून एक गोळा येत होता. तारा तुटतो तसा तो चटकन विझला नाही. तो येतच राहिला. पांढरा, कडेला हिरवा, मागे ठिणग्यांचं शेपूट. ज्वारीचं एकेक कणीस दिसत होतं. बैलांच्या डोळ्यांत तो दिसत होता. बहिणीनं कपाळाला हात लावला, आणि त्या हातावरच्या रेषासुद्धा मला दिसल्या. मग तो फुटला. त्याचे तीन-चार लाल तुकडे झाले, आणि ते सोलापूरच्या दिशेनं खाली जाऊन विझले. आभाळात धुराची एक वाकडी रेघ राहिली.

वस्तीवरची कुत्री भुंकायची थांबली. कंदील जळत होता, पण अंगणात तो दिसेनासाच झाला होता. थोडा वेळ तसाच गेला. आता काही होणार नाही असं वाटायला लागलं, तेवढ्यात आवाज आला. दगडांनी भरलेली गाडी लांब कुठंतरी उलटावी तसा, गडगडत, पुन्हा पुन्हा. फळीवरची भांडी वाजली. एक तांब्या खाली पडला.

तात्यांनी डोक्याचा पटका काढला आणि मांडीवर ठेवला.

"गेला," ते म्हणाले. "माझा भाऊ गेला."

"आसं का म्हंता तात्या?" बहीण म्हणाली.

"सोलापुरावरच गेला की गं. बगितलंस न्हवं?"

आमच्या घरात ताऱ्याची एक जुनी गोष्ट होती. आजोबा वैरागच्या बाजाराला गेले आणि तिथंच छातीत कळ येऊन गेले. त्या रात्री तारा पडलेला आजीनं बघितला होता. पण तिला ते कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. सकाळी बैलगाडीतून आजोबांना आणलं तेव्हा ती हातभर बांगड्यांनी दारात उभी होती. त्यानंतर महिन्याभरात तात्यांचा आणि आप्पांचा धाकटा भाऊ तापानं गेला. तेव्हापासून आमच्या भावकीनं एक गोष्ट पक्की धरली होती. माणूस बाहेरगावी गेला तर मढं शिवेत यायच्या आत घरच्या बाईच्या बांगड्या उतरायच्या. भरल्या हातांनी ती मढ्यासमोर आली तर घरातलं आणखी एक जातं. गावात बाकी कुणी हे पाळत नव्हतं. आमच्यात पाळत होते, कारण आमच्यात ते घडलं होतं.

मोठी आई आईजवळ जाऊन बसली. आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तू शिकलायस," आई मला म्हणाली. "काय व्हतं ते सांग."

"उल्का," मी म्हणालो. "आभाळातला दगड असतो. जळत खाली येतो. त्याचा कुणाच्या मरणाशी काही संबंध नसतो."

"दगुड जळतो व्हय?" मोठी आई म्हणाली. "चुलीला तीन दगुड हायती. इतक्या वर्सांत एक तरी जळाला का?"

"लई जोरात येतो म्हणून जळतो."

"बरं. जळू दे," आई म्हणाली. ती मोठ्या आईकडं बघतही नव्हती. "आन त्यो उजेड? सोलापुरात दिसला आसंल?"

"दिसला असेल."

"आन आवाज?"

तांब्या पडला त्याच क्षणी माझ्याही मनात तेच आलं होतं. तो दगड होता हे मला ठाऊक होतं. पण त्या दगडाच्या उजेडानं आणि आवाजानं अंधाऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आला नसेल, असं मी कुठल्या पुस्तकाच्या आधारानं सांगणार होतो? दुपारी मीच त्यांना सगळं सांगितलं होतं. आईनं त्याचाच हिशेब मांडला होता, आणि तो चुकीचा नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण माहीत नाही म्हणजे गेले असं नाही. मी सायकलवर जातो. बघून येतो. मी येईपर्यंत थांबा."

तात्या उठले. सायकलीच्या चाकात हवा आहे का ते त्यांनी स्वतः दाबून बघितलं. मग माझ्या दंडाला धरून म्हणाले, "तू यिऊन म्हनलास त्यो हाय, तर मी तुझं पाय धरीन. पन तुझा मामा थांबनार न्हाय बाबा. काय झालं आसलं तर त्यो रातचीच गाडी करून त्याला आनंल. तुज्या आदी ती गाडी आली तर?"

"तवर थांबा की तात्या."

"थांबतो. गाडी दिसंस्तवर थांबतो."

मी निघालो. त्या रस्त्याचं मला फार आठवत नाही. सायकलीला दिवा नव्हता, हाताला गार लागत होतं, आणि सडकेवर सोलापूरकडून येणारा प्रत्येक ट्रक दिसला की मी बाजूला उतरून त्याच्या मागच्या भागात बघत होतो. दवाखान्याचं फाटक बंद होतं. पहारेकरी म्हणाला, सकाळशिवाय आत सोडता येत नाही. मी पायरीवर बसलो. गिरणीचा पहिला भोंगा झाला, सात रस्ता चौकाच्या बाजूनं सायकलींवरून माणसं जायला लागली, तेव्हा झाडूवालीनं बाजूचं दार उघडलं आणि मी तिच्या मागोमाग आत शिरलो.

मामा घोंगडीवर बसून तंबाखू मळत होते.

"आप्पा?" मी विचारलं.

"हायत की. का रं? पळत आल्यागत दिसतोस."

"रात्री उजेड पडला, आवाज झाला, तेव्हा?"

"कसला उजेड? मी हितंच व्हतो, भितीकडं तोंड करून. आवाज आला खरं. मला वाटलं कुटंतरी सुरुंग लावला. त्यास्नी सांजच्यालाच सुई दिली व्हती. हललंबी न्हाईत."

मी दाराच्या फटीतून आत बघितलं. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला. मग चादर वर-खाली होताना दिसली. मी ती पुष्कळ वेळ बघत राहिलो. मामांनी मला खांद्याला धरून मागं ओढलं.

सायकल दवाखान्यातच टाकून मी पहिली एसटी धरली. फाट्यावर उतरून वस्तीकडं पळत निघालो. आमच्या घरातून धूर निघत नव्हता. शेजारच्या वस्तीवरच्या चुली पेटलेल्या, आणि आमची दोन्ही छपरं तशीच. अंगणात भावकीतले पुरुष बोडक्या डोक्यांनी बसले होते.

मी गेल्यावर मध्यरात्रीच्या सुमाराला सडकेवरून दोन दिवे आमच्या गाडीवाटेला वळले होते. त्या वाटेनं रात्री कधी मोटार येत नाही. तात्यांनी ते पाहिलं. गाडी दिसेपर्यंत थांबतो असं ते म्हणाले होते, आणि गाडी दिसली होती. दिवे ओढ्यापर्यंत आले तेव्हा शीव जवळ आली म्हणून त्यांनीच मोठ्या आईला हाक मारली. आईला उंबऱ्यावर बसवलं. मोठ्या आईनं तिचे दोन्ही हात उंबऱ्यावर धरले. कपाळ पुसलं. मग ते दिवे ओढ्यापासून डावीकडं वळले आणि पलीकडच्या मळ्यात गेले. तिथं विहिरीच्या बांधकामाला खडी टाकायला आलेला तो ट्रक होता. रस्ता चुकून उशीर झालेला.

तो ट्रक गेल्यावरही सगळे तसेच बसून राहिले म्हणे. हा नसला तरी पुढचा येईल, असं सगळ्यांना वाटलं.

"आप्पा आहेत," मी अंगणात उभा राहून म्हणालो.

तात्यांनी वर बघितलं. "हाय म्हंजे?"

"जिवंत आहेत. मी बघून आलो. रात्री काहीसुद्धा झालं नाही त्यांना."

तात्या उठायला गेले आणि तिथंच खाली बसले. मोठ्या आईनं आधी स्वतःच्या तोंडात मारून घेतली, मग उंबऱ्याकडं धावली आणि काचेचे तुकडे वेचायला लागली. कशाला वेचत होती कोण जाणे. तिच्या बोटांतून रक्त आलं. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं हात पुढे घेऊन त्यांच्याकडं बघितलं. मनगटावर ओरखडे होते.

"मग आता मी काय करू?" तिनं विचारलं. ते मला विचारलं, की तात्यांना, की आणखी कुणाला, ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारपर्यंत तात्यांनी वळसंगहून कासाराला आणलं. त्यानं पेटी उतरवली, सगळं ऐकलं आणि डोकं खाजवलं. "भरतो मी," तो म्हणाला. "माझं काय जातंय? पन आसं कदी भरल्यालं न्हाय बाबा." त्यानं हिरव्या बांगड्या भरल्या. आईनं कपाळाला कुंकू लावलं. मोठ्या आईनं तिला आरसा दिला, तो तिनं उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तिला सोलापूरला नेलं. ती दारातून आप्पांना बघून आली. बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं त्यांच्यावरून पदर गुंडाळला होता.

आप्पा वाचले. महिन्याहून जास्त दिवस लागले, पण वाचले. घरी आले तेव्हा पाठ ताठ झालेली, चालताना सगळं अंग एकदम वळवावं लागायचं. तात्यांनी त्यांना अंगणात बाजेवर बसवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना ते भावाच्या पायाशी बसले होते. आप्पांनी ऐकून घेतलं.

"चला," ते म्हणाले. "एक काम उरकलं. आता मेलो तरी तुमचा येक कुटाणा वाचला."

"आसं बोलू नगंस रं."

"मग कसं बोलू? सुतक धरलंस का न्हाय तेवडं सांग. का तेबी आर्दंच?"

तात्या रडले. मग आप्पाच हसले आणि म्हणाले, "हितं तंबाकू तरी दे. मेल्याला न्हाय लागत, मला लागती." दोघा भावांचं तिथं मिटलं. मला वाटलं, सगळंच मिटलं.

तसं नव्हतं. आधी मला ते दिसलंच नाही, मी सोलापुरात असे. बहिणीनं सांगितलं. गावात एका घरी डोहाळजेवण झालं, आईला बोलावणं आलं नाही. दुसऱ्या घरी ओटी भरली, तेव्हा आलं, पण फक्त बहिणीसाठी. पुढची संक्रांत आली. वाण लुटायला बायका दारोदार जातात, त्या आमच्या अंगणात मोठ्या आईकडं आल्या आणि आमच्या उंबऱ्यापाशी न थांबता गेल्या. वाईट कुणी बोललं नाही. आईला बघून रस्ता बदलणाऱ्याही नव्हत्या. फक्त जिथं सवाष्ण लागते तिथं तिचं नाव निघत नव्हतं. एकदा बांगड्या फुटलेल्या बाईच्या हातचं कुंकू आपल्या लेकीसुनांना लावून कशाला घ्या, एवढंच.

मला हे सहन होईना. मी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठलं. वर्गात प्रश्न विचारायलाही मी घाबरत असे, पण त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी मला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. दगड किती वेगानं येतो, का पेटतो, आवाज मागाहून का येतो. ते म्हणाले, "त्या रात्री हा गोळा हजारो लोकांनी बघितला असणार. मग त्या हजारो घरांत माणसं मेली का, असं विचारा त्यांना." मला ते फार पटलं. सुट्टीत गावी गेलो तेव्हा देवळाच्या पारावर माणसं बसलेली बघून मी सगळं सांगितलं. बोलताना घाम फुटला होता, पण सांगितलं.

"हजारो घरात?" एक म्हातारे म्हणाले. "मेलं आसंल की कोनतरी. कोन न मेल्याला दिवस सांग तू मला."

लोक हसले. पण तात्या माझ्या बाजूनं उभे राहिले. "पोरगं खरं सांगतंय," ते म्हणाले. "दगुडच व्हता त्यो. मी चुकलो. चारचौगांत सांगतो, मी चुकलो."

"व्हय, दगुडच आसंल," म्हाताऱ्यांनीही मान्य केलं. "कोन न्हाय म्हंतंय?"

आणि कुणीच नाही म्हणालं नाही. मी आनंदानं घरी आलो. मोठी आई दळत होती. तिला सांगितलं, सगळ्यांनी कबूल केलं. तिनं जातं थांबवलं नाही.

"दगुड व्हता म्हनून फुटल्याल्या जुडत्यात व्हय रं?" ती म्हणाली. "मीच फोडल्यात ह्या हातांनी. मला इचार की."

दोन वर्षांनी बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नोकरीला. अंगणात मांडव पडला. आमच्याकडं हळदीच्या आधी घाणा भरतात. उखळात हळद घालतात, दोन मुसळांना आंब्याची पानं बांधतात, आणि पाच सवाष्णी ती मुसळं धरून गाणी म्हणत हळद कांडतात. पहिला हात नवरीच्या आईचा. ती हळद मग नवरीला लागते.

बायका उखळाभोवती जमल्या. आई मांडवाच्या कडेला गहू निवडत बसली होती. ते काम तिचं नव्हतं, आणि गहू तर आदल्या दिवशीच निवडून झाले होते. बायका एकमेकींकडं बघत होत्या. कुणी म्हणालं, मुहूर्त टळंल. कुणी म्हणालं, नवऱ्या मुलाची मावशी आलीया की, तिला धरा. तेव्हा बहीण, जी सकाळपासून खाली मान घालून बसली होती, ती उठून उभी राहिली.

"पैली आई," ती म्हणाली.

मोठी आई पुढं आली. तिनं एक मुसळ उचललं आणि आईपुढं धरलं. "ये गं," ती म्हणाली. "माझ्या हातनं झालं व्हतं, माझ्याच हातनं घे. कोन काय बोलतंय ते मी बगते."

मला वाटलं, आता झालं. त्या क्षणी मोठ्या आईसमोर तोंड उघडायची कुणाची हिंमत नव्हती. बायकाही सरकून जागा करत होत्या, खरंच करत होत्या.

आईनं सूप बाजूला ठेवलं. "न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय काय? ऊठ."

"न्हाय जाऊबाई. नगं मला."

आप्पा मांडवाच्या दारात येऊन उभे होते. बायकांच्या कामात पुरुष येत नाहीत, पण ते आले. ताठ पाठीनं सगळं अंग वळवून त्यांनी बायकांकडं बघितलं. "मी हाय का न्हाय, ते आदी ठरवा," ते म्हणाले. "दोन वरीस झालं, ह्या गावात मी जेवतोय, हागतोय, भांडतोय. आजून कुनाला शंका हाय?"

काही बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई हसली नाही.

"तुमी आलासा की परत," ती त्यांना म्हणाली. "तुमास्नी कोन काय म्हंतंय?" मग ती बहिणीकडं वळली. आवाज चढवला नव्हता. "हे बग, उद्या तू नांदाय जानार. तुला काय झालं, तुज्या कुकवाला काय झालं, तर ह्या बाया माझ्या हाताचं नाव काडतील. त्यांचं मला काय न्हाय. पन मीबी माझ्याच हाताचं नाव काडीन. रोज काडीन. ते माझ्यानं व्हनार न्हाय."

मी दोन वर्षं गावाला समजावत होतो. ज्या एका माणसाला समजवायचं होतं, तिच्याशी मी याबद्दल एकदाही बोललो नव्हतो. तिला ते माहीतच आहे असं मी धरून चाललो होतो. तिनंच तर त्या रात्री मला विचारलं होतं, आणि मी सांगितलेलं ऐकलं होतं. आणि कदाचित ती मानतही होती, दगड होता म्हणून. मला नीट सांगता येत नाही.

बहीण म्हणाली, "मग मला हळदच नको."

"गप," आई म्हणाली. "पोरकटपना करू नगंस. लोकं खोळंबल्यात."

मोठ्या आईच्या हातात मुसळ तसंच होतं. तिला ते खाली ठेवता येईना. शेवटी नवऱ्याच्या मावशीनं ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं. पाच जणी उभ्या राहिल्या. मोठी आई त्यांच्यात राहिली नाही. गाणं सुरू झालं, आधी दबक्या आवाजात, मग सवयीनं चढत गेलं. घाणा भरला गेला. हळद चांगली पिवळी निघाली. संध्याकाळी ती बहिणीला लागली, आणि ती रडत होती ते सासरी जायच्या नावानं, असंच सगळ्या पाहुण्यांनी धरलं.

आई मांडवातून उठून घरामागं गेली होती. तिथं तीन मोठ्या चुलाणांवर वऱ्हाडाचा स्वयंपाक चालला होता. मी तिच्या मागं गेलो. काय बोलायचं ते मनाशी ठरवून गेलो होतो, पण ती चुलाणात लाकूड सारत होती. धुरानं तिनं डोळे बारीक केले होते. थोड्या वेळानं आप्पाही आले, आणि भिंतीला धरून, कण्हत, तिथल्या पोत्यावर बसले. मांडवातली गाणी इथं ऐकू येत होती.

"भाताला पानी कमी पडंल," आई म्हणाली. "बगत काय उबा राह्यलास? दोन घागरी आन."

मी विहिरीकडं गेलो.